व्यायामातला अमोनिया आणि डब्यावरचा दावा

प्री-वर्कआउट पावडरचा डबा फिरवून मागचं लेबल वाचलं, तर हल्ली एक ओळ बऱ्याचदा सापडते: 'अमोनिया बाहेर काढते, थकवा लांबवते.' कुणाच्या डब्यात सिट्रुलीन, कुणाच्या ऑर्निथिन, कुणाच्या बीसीएए. दावा मात्र सगळीकडे एकच. त्यात कडक व्यायामानंतर स्वतःच्या घामाला नाकात झोंबणारा वास आल्याचं अनेकांनी अनुभवलेलं असतं. त्यामुळे शरीरात काहीतरी विषारी साचतंय आणि ते पावडरने धुऊन काढता येतं, हे चित्र सहज पटतं.

या चित्राचा पहिला भाग बराचसा खरा आहे. जोराच्या व्यायामात रक्तातला अमोनिया वाढतो. गडबड आहे ती धुऊन काढण्याच्या भागात. ती कळायची तर आधी हा अमोनिया येतो कुठून ते पाहावं लागेल, कारण कुठली पावडर उपयोगी, कुठली निरुपयोगी आणि कुठली उलटी पडणारी, हे त्याच्या उगमावरच ठरतं.

## अमोनिया व्यायामाशिवायही असतोच

प्रथिनांमध्ये वजनाच्या साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. दिवसाला ७० ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्या माणसाच्या पोटात ११ ग्रॅमच्या आसपास नायट्रोजन जातो. चरबी साठवून ठेवता येते तसा नायट्रोजन साठवायची सोय शरीरात नाही. त्यामुळे वजन स्थिर असलेल्या प्रौढ माणसाला जेवढा आत गेला जवळपास तेवढा रोज बाहेर काढावाच लागतो. प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्लं, मोडताना हा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात सुटतो. मेंदूला तो बाधतो, म्हणून यकृत त्याचा युरिया बनवतं. युरिया निरुपद्रवी असतो, पाण्यात विरघळतो आणि लघवीवाटे निघून जातो. यकृतातल्या या साखळीला युरिया चक्र म्हणतात. हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी ती १९३२ मध्ये उलगडली.

७० ग्रॅम प्रथिनांमागे रोज २० ग्रॅमच्या घरात युरिया तयार होतो. इतका नायट्रोजन रोज हाताळूनही निरोगी माणसाच्या रक्तात अमोनिया लिटरला १० ते ५० मायक्रोमोल एवढाच सापडतो (मायक्रोमोल हे रेणू मोजण्याचं एकक, ५० मायक्रोमोल अमोनिया म्हणजे एक मिलिग्रॅमही नाही). निरोगी यकृताची ताकद किती मोठी आहे, ते या दोन आकड्यांवरून कळतं. पुढे ही गोष्ट लागणार आहे.

## ३० सेकंदांची धाव: अमोनियाचा पहिला उगम

स्नायूचं इंधन म्हणजे एटीपी. तीन मण्यांची छोटी माळ डोळ्यांपुढे आणा. स्नायू आखडला की एक मणी गळतो आणि दोन मण्यांची एडीपी उरते. एरवी ऑक्सिजनच्या मदतीने, किंवा साखर झटपट मोडून, तिसरा मणी लगेच पुन्हा ओवला जातो.

जीव तोडून धावताना हे ओवणं मागे पडतं. स्नायूच्या एका किलोत एटीपी जेमतेम ५ ते ६ मिलिमोल असतं, पूर्ण ताकदीने ते दोन-तीन सेकंद पुरेल. अशा वेळी स्नायू एक तोड काढतो. दोन मण्यांच्या दोन माळा घेतो, एकीचा मणी काढून दुसरीत ओवतो. एक पूर्ण एटीपी मिळालं, पण मागे एकाच मण्याची एएमपी उरली. या एएमपीचा ढीग साचला तर ही अदलाबदल थांबते. म्हणून स्नायूतलं एएमपी डीअमिनेज नावाचं एन्झाइम एएमपीमधला नायट्रोजनचा गट तोडून बाजूला करतं आणि उरलेल्या भागाचं आयएमपी बनवतं. तोडलेला गट म्हणजेच अमोनिया.

हा अमोनिया चुकून झालेली गळती नव्हे. अडचणीच्या क्षणी स्नायूने एटीपीचा तोल सांभाळला, त्याची ती खूण आहे. जोरकस हालचालींसाठी असलेल्या वेगवान तंतूंमध्ये हे एन्झाइम जास्त असतं. म्हणून वजन उचलणं, चढावर जोर मारणं, शेवटच्या वळणावरची धाव यांत अमोनिया झपाट्याने वर जातो. थांबल्यावर काही मिनिटांत बहुतेक आयएमपी पुन्हा एएमपीकडे वळतं आणि माळा परत ओवल्या जातात.

## दोन तासांची सायकल: दुसरा उगम

लांब पल्ल्याच्या व्यायामात गोष्ट वेगळी. इथे अमोनियाचा मोठा हिस्सा अमिनो आम्लं जळण्यातून येतो, त्यातही ल्युसीन, आयसोल्युसीन आणि व्हॅलीन या तिघांमधून. फांदीसारख्या रचनेमुळे या तिघांना मिळून बीसीएए म्हणतात. बाकीची बहुतेक अमिनो आम्लं यकृतात मोडली जातात, ही तिघं मात्र स्नायूत थेट जळू शकतात. जळण्याआधी त्यांच्यावरचा नायट्रोजन उतरवावा लागतो आणि त्यातला काही अमोनिया म्हणून रक्तात येतो.

स्नायू ही आम्लं कधी जास्त जाळतो? ग्लायकोजेन संपत आलं की. ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर. स्नायूंमध्ये मिळून ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. हा साठा उतरला की बीसीएए जाळणारं एन्झाइम अधिक जागं होतं, एटीपीचा पुरवठाही अपुरा पडू लागतो, आणि अमोनिया दोन्ही वाटांनी वाढतो. म्हणूनच कर्बोदकं तोडून व्यायाम करणाऱ्यांमध्ये त्याच कामाला अमोनिया जास्त दिसतो.

## किती वाढतो आणि किती वेळ राहतो

हलक्या चालण्यात आकडा फारसा हलत नाही. क्षमतेच्या ५०-६० टक्क्यांपुढे तो चढू लागतो. दमछाक करणाऱ्या व्यायामात लिटरला १०० ते २०० मायक्रोमोलपर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. थांबल्यावर पहिल्या काही मिनिटांत शिखर येतं आणि अर्ध्या ते एका तासात तो बराचसा मूळ पातळीला उतरतो.

हाच १५० चा आकडा अंथरुणावर पडलेल्या माणसाच्या अहवालात आला तर डॉक्टर धावाधाव करतील. दोन्हींत फरक आहे तो टिकण्याचा आणि कारणाचा. खेळाडूचं यकृत शाबूत असतं. शिवाय अमोनिया उचलायला यकृत एकटं नसतं. विश्रांत स्नायू त्याला ग्लुटामेट नावाच्या अमिनो आम्लाशी जोडून ग्लुटामीन बनवतात, मूत्रपिंडं आपला वाटा उचलतात, थोडा घामावाटे जातो. ग्लुटामीन म्हणजे अमोनियाची सुरक्षित वाहतूक. भरलेली गाडी रक्तातून आतड्यांकडे आणि मूत्रपिंडांकडे निघते.

## मग थकवा अमोनियामुळेच येतो का?

सगळा वाद इथे आहे, म्हणून थोडं थांबून पाहू.

बाजूने सांगण्यासारखं बरंच आहे. अमोनिया रक्तातून मेंदूत शिरतो. मेंदूत संपूर्ण युरिया चक्र नाही, तिथे ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी त्याला ग्लुटामेटशी जोडून निपटतात. यकृत निकामी झालेल्या रुग्णाला गुंगी, गोंधळ, हात थरथरणं होतं, त्यात अमोनियाचा मोठा हात असतो. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २००५ मध्ये सलग ३ तास सायकल चालवणाऱ्या प्रशिक्षित खेळाडूंवर मोजमाप केलं. तेव्हा रक्तातला अमोनिया वाढला तसा मेंदूने तो जास्त उचलल्याचं दिसलं, आणि ग्लुकोज देत राहिल्यावर हे प्रमाण घटलं. लांबच्या शर्यतीच्या शेवटी येणाऱ्या मनाच्या मरगळीत अमोनियाचा वाटा असू शकतो, असं मानायला म्हणूनच जागा आहे.

पण निसर्गाने स्वतःच दोन प्रयोग करून ठेवले आहेत, आणि डब्यावरच्या दाव्यापेक्षा ते मला जास्त बोलके वाटतात.

काही लोकांमध्ये स्नायूतलं एएमपी डीअमिनेज जन्मतःच काम करत नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत हे प्रमाण १ ते २ टक्के आहे. त्यांना मूठ आवळून-सोडून हाताचा जोरकस व्यायाम करायला लावला, तर रक्तात लॅक्टेट (साखर झटपट मोडताना बनणारं द्रव्य) वाढतं पण अमोनिया जवळपास वाढत नाही. अमोनियाच थकवत असता तर ही माणसं न दमणारी ठरली असती. तसं काही दिसत नाही. त्यांच्यातल्या बहुतेकांना कसलाच फरक जाणवत नाही, आणि काहींचे स्नायू उलट लवकर दुखतात, गोळे येतात.

दुसरा प्रयोग याच्या अगदी विरुद्ध. ब्रायन मॅकआर्डल यांनी १९५१ मध्ये वर्णन केलेल्या आजारात स्नायूला स्वतःचं ग्लायकोजेन मोडता येत नाही. त्याच मुठीच्या चाचणीत या रुग्णांचं लॅक्टेट वाढत नाही, अमोनिया मात्र प्रचंड उसळतो. ते लवकर दमतात. पण व्यायामाआधी त्यांना साखर दिली की ते अधिक सहज व्यायाम करू शकतात. साखरेने अमोनिया 'बाहेर काढला' नाही, स्नायूची इंधनाची ओढाताण कमी केली.

दोन्ही एकत्र ठेवले की अर्थ लागतो. अमोनियाचा आकडा बहुतांशी इंधन अपुरं पडत असल्याचं सांगतो. इंधनाची अडचण सुटली की तो आपोआप उतरतो. अडचण तशीच ठेवून नुसता आकडा उतरवला तर पाय पूर्वीसारखेच जड राहतात.

## सगळ्यात भरवशाचं सप्लिमेंट: साखर

लांब व्यायामात अमोनिया कमी ठेवण्याचा सगळ्यात पक्का पुरावा कर्बोदकांच्या बाजूने आहे, आणि कामगिरीही त्यांनीच सुधारते. मात्रा अशी:

पाऊण तासापेक्षा कमी व्यायामाला वाटेत काही घ्यायची गरज नाही. आधीचं जेवण पुरतं. एक ते अडीच तासांसाठी तासाला ३० ते ६० ग्रॅम. त्याहून लांब असेल तर तासाला ९० ग्रॅमपर्यंत, पण तेव्हा ग्लुकोजसोबत फ्रुक्टोज हवंच. आतड्यातलं ग्लुकोजचं दार तासाला साधारण ६० ग्रॅमच आत घेऊ शकतं. फ्रुक्टोज दुसऱ्या दाराने जातं. साध्या साखरेत दोन्ही निम्मं निम्मं असतं, त्यामुळे ती इथे चांगली चालते.

पेय स्वतः करायचं तर एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे सपाट १५ चमचे, आणि पाव चमचा मीठ. दर १५ मिनिटांनी १५० मिली प्यायलं तर तासाला ६०० मिली पाणी आणि ३६ ग्रॅम साखर पोटात जाते.

बिघडतं कुठे? एक म्हणजे पेय जास्त घट्ट करणं. लिटरला १०० ग्रॅमच्या पुढे गेलं की जठर उशिरा रिकामं होतं, पोटात पाणी डुचमळतं, मळमळतं. दुसरं, तहान आणि दम दोन्ही लागल्यावर एकदम अर्धा लिटर ढोसणं. तिसरं, शर्यतीच्या दिवशीच पहिल्यांदा ९० ग्रॅमचा प्रयोग करणं. आतड्यालाही सवय लागते. सरावात तीन-चार आठवडे हळूहळू मात्रा वाढवा. मधुमेह असलेल्यांनी हे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत, औषधाच्या वेळेशी त्यांचा मेळ डॉक्टरांकडून घालून घ्यावा.

## बीसीएए: जळणावरच जळण

बीसीएएचा बोलबाला एका विचारातून सुरू झाला. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मेंदूत शिरून सेरोटोनिन बनवतं आणि मरगळ आणतं. बीसीएए मेंदूच्या त्याच दारावर त्याच्याशी स्पर्धा करतात, म्हणून ते घेतले तर थकवा लांबेल, असं १९८० च्या दशकात मांडलं गेलं. कल्पना नेटकी होती.

पण मागचा भाग आठवा. लांब व्यायामात अमोनिया येतो तो मुख्यतः बीसीएए जळण्यातूनच. मग तेच आणखी ओतले तर काय होणार? १९९० च्या दशकात कॅनडा आणि नेदरलँड्समध्ये हे तपासलं गेलं आणि अपेक्षित तेच घडलं: व्यायामाआधी किंवा व्यायामात भरपूर बीसीएए दिले की रक्तातला अमोनिया जास्त वाढला. नेदरलँड्सच्या प्रयोगात दमेपर्यंत सायकल चालवायला लावलं होतं. बीसीएए दिल्याने वेळ वाढला नाही.

म्हणजे 'अमोनिया कमी करतो' असं ज्या घटकाच्या नावावर लिहिलेलं असतं, तोच मोठ्या मात्रेत अमोनिया वाढवू शकतो. रिकाम्या पोटी, कर्बोदकं तोडून, लांब धावेआधी बीसीएए घेणं हा तर सगळ्यात वाईट मेळ: साठा आधीच कमी, एन्झाइम जागं, आणि वर नवं जळण.

'पण डॉक्टर यकृताच्या रुग्णांना बीसीएए देतातच की!' हो, देतात, आणि ते बरोबर आहे. सिरोसिसमध्ये यकृत अमोनिया आवरू शकत नाही, म्हणून स्नायूंवर तो भार येतो. स्नायू टिकवण्यासाठी आणि अमोनिया ग्लुटामीनमध्ये बांधायला कच्चा माल मिळावा म्हणून महिनोन्‌महिने, देखरेखीखाली ते दिले जातात. ते रुग्ण दोन तास सायकल मारत नसतात. एका परिस्थितीतला फायदा उचलून दुसऱ्या परिस्थितीतल्या डब्यावर चिकटवला की अशी गफलत होते.

## सिट्रुलीन, आर्जिनीन, ऑर्निथिन: रहाटाला जास्तीची गाडगी

हे तिन्ही युरिया चक्रातले दुवे आहेत, म्हणून दावा शास्त्रीय वाटतो. चक्राला रहाट समजा. ऑर्निथिन म्हणजे रिकामं गाडगं. ते नायट्रोजन उचलतं, सिट्रुलीन होतं, पुढे आर्जिनीन होतं, युरिया ओततं आणि पुन्हा रिकामं ऑर्निथिन होऊन खाली येतं. गाडगं वापरून संपत नाही, तेच फिरत राहतं.

आता रहाटाला गाडगी पुरेशी असतील, तर आणखी बांधून पाणी वाढेल का? निरोगी माणसात गाडग्यांची टंचाई सहसा नसते. जोराच्या व्यायामात अडचण वेगळीच असते: रक्त कामातल्या स्नायूंकडे वळतं आणि यकृताला कमी मिळतं. गाडगी जन्मतःच नीट भरत नाहीत अशा आजारात आर्जिनीन किंवा सिट्रुलीन हे जीव वाचवणारं औषध असतं, पण ती गोष्ट निराळी.

सिट्रुलीनबद्दल आणखी एक तपशील, जो लेबलवर कधी नसतो. तोंडावाटे घेतलेलं सिट्रुलीन यकृत फारसं उचलतच नाही. ते तसंच पुढे मूत्रपिंडांकडे जातं आणि तिथे त्याचं आर्जिनीन होतं. यकृतातल्या रहाटाला थेट गाडगी पुरवण्याचा दावा इथेच लंगडा पडतो. रक्तातलं आर्जिनीन मात्र त्याने छान वाढतं, खुद्द आर्जिनीन घेतल्यापेक्षाही बरं, कारण आर्जिनीनचा मोठा भाग आतडं आणि यकृतच खाऊन टाकतात. त्यामुळे सिट्रुलीनचा काही उपयोग असलाच, तर तो नायट्रिक ऑक्साइड (आर्जिनीनपासून बनणारा, रक्तवाहिन्या रुंद करणारा वायू) आणि रक्तवाहिन्यांच्या बाजूने शोधायला हवा.

प्रयोगांत वापरली जाणारी मात्रा सिट्रुलीन मॅलेटची ६ ते ८ ग्रॅम, व्यायामाआधी तासभर. सिट्रुलीन आणि मॅलेट (त्याला जोडलेलं मॅलिक आम्ल) दोनास एक या प्रमाणात असलेल्या ८ ग्रॅममध्ये शुद्ध सिट्रुलीन साडेपाच ग्रॅमच्या आसपास. निकाल मिश्र आहेत: काही प्रयोगांत दोन-चार रेप्स जास्त, काहींत शून्य फरक. डब्यावर 'प्रोप्रायटरी ब्लेंड' लिहून पाच घटकांचं मिळून ४ ग्रॅम वजन दिलं असेल, तर प्रयोगातली मात्रा त्यात बसूच शकत नाही. हे गणित दुकानातच करून पाहा. आर्जिनीन किंवा ऑर्निथिन एका वेळी १० ग्रॅमच्या जवळ गेलं की जुलाब आणि पोटात मुरडा ठरलेला.

ग्लुटामीनचं थोडक्यात सांगता येईल. अमोनिया बांधून झाल्यावर ग्लुटामीन बनतं, म्हणजे ती आधीच भरलेली गाडी आहे. तोंडाने घेतलेलं ग्लुटामीन आतड्याच्या पेशी मोडतात आणि त्यातून अमोनियाच सुटतो.

## क्रिएटीन: दावा न करता काम करणारं

गंमत अशी, की छोट्या जोरकस व्यायामात अमोनिया कमी करण्याचं काम ज्या पावडरीने दिसतं, तिच्या डब्यावर अमोनियाचं नावही नसतं. क्रिएटीनला जोडलेला फॉस्फेट हा मण्यांचा राखीव साठा आहे. एडीपी तयार झाली की तो लगेच मणी देतो. राखीव साठा मोठा असेल तर एएमपीपर्यंत पाळी उशिरा येते, म्हणून अमोनियाही कमी. १९९० च्या दशकातल्या, पुन्हा पुन्हा जोर लावायच्या प्रयोगांत हे दिसलं, आणि तिथे ताकदही टिकली. मुळावर काम झालं की आकडा कसा उतरतो, त्याचा हा चांगला नमुना.

रोज ३ ते ५ ग्रॅम मोनोहायड्रेट, वेळ कुठलीही. स्नायू भरायला तीन-चार आठवडे लागतात. घाई असेल तर ५ ते ७ दिवस रोज २० ग्रॅम, पण चार भागांत. एकदम घेतलं तर पोट बिघडतं. वजन किलोभर वाढतं ते पाण्याचं. रक्ततपासणीत क्रिएटिनीन थोडं वर दिसू शकतं, मूत्रपिंडाला इजा नसतानाही. तपासणीआधी डॉक्टरांना क्रिएटीन घेत असल्याचं सांगा, नाहीतर नसत्या चौकशा मागे लागतात.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या २०१८ च्या सप्लिमेंटविषयक निवेदनात कामगिरीसाठी चांगला पुरावा असलेले पाचच घटक आहेत: कॅफीन, क्रिएटीन, नायट्रेट, बीटा-अ‍ॅलनीन आणि सोडियम बायकार्बोनेट. बीसीएए, ऑर्निथिन, आर्जिनीन त्यात नाहीत.

## 'पण माझ्या घामाला वास येतो, त्याचं काय?'

घाम रक्तापेक्षा आम्लधर्मी असतो. अमोनिया त्यात शिरला की अमोनियम होऊन अडकतो, परत जाऊ शकत नाही. त्यामुळे घामातलं प्रमाण निरोगी माणसातही रक्तापेक्षा अनेक पटींनी जास्त असतं. नेहमीच्या व्यायामात अचानक वास जाणवू लागला तर आधी गेल्या दोन-तीन दिवसांची कर्बोदकं आणि पाणी तपासा. बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं.

वास अंगाला नसून कपड्याला असेल तर कारण निराळं. घामातला युरिया कापडात राहतो आणि जिवाणू तो फोडून अमोनिया करतात. पिशवीत दमट पडलेला टी-शर्ट दुसऱ्या दिवशी म्हणूनच भपकारा मारतो. तो लगेच धुवा आणि पूर्ण वाळवा. मात्र व्यायामाशिवायही तोंडाला असा वास येत असेल, सोबत भूक मंदावली असेल किंवा पाय सुजत असतील, तर मूत्रपिंडांची तपासणी करून घ्या.

## 'पण मोजल्यावर आकडा खरंच कमी आला होता'

रक्तातला अमोनिया मोजणं ही नाजूक तपासणी आहे. नमुना नळीत नुसता ठेवला तरी त्यात अमोनिया बनत राहतो. म्हणून नळी ताबडतोब बर्फात ठेवून १५ मिनिटांत प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वेगळा काढायला हवा. दंडाला पट्टा बराच वेळ आवळला, रक्त देताना मूठ आवळत राहिलं, आधी सिगारेट ओढली, तरी आकडा वर जातो. बोटाच्या टोकावरून थेंब घेताना तिथे घाम असेल, तर घामातलाच अमोनिया मोजला जातो. 'आधी आणि नंतर' असे दोनच आकडे कुणी दाखवले, तर त्यांतला फरक पावडरीचा की बर्फाचा, हे सांगता येत नाही.

सरावाचा परिणाम मात्र भक्कम आहे. काही महिने नियमित सहनशक्तीचा व्यायाम केला की त्याच वेगाला, त्याच वजनाला अमोनिया कमी वाढतो, कारण स्नायू ऑक्सिजन अधिक चांगला वापरतात आणि मणी मागे पडत नाहीत.

## कुणी खरोखर सावध राहायचं

यकृताचा आजार असलेल्यांनी आणि मिरगीसाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांनी अमिनो आम्लांच्या पावडरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. व्हॅल्प्रोएट स्वतःच अमोनिया वाढवू शकतं.

त्याहून कमी माहीत असलेला गट म्हणजे युरिया चक्राच्या जन्मजात दोषाचे लोक. दोष सौम्य असेल तर माणूस मोठेपणापर्यंत नकळत निभावतो. लहानपणापासून प्रथिनांचे पदार्थ नकोसे वाटणं एवढीच खूण असू शकते. मग कडक डाएट, प्रथिनांच्या पावडरी आणि उपाशीपोटीचा व्यायाम एकत्र आले की यकृताच्या हाताबाहेर जातं. प्रथिनं वाढवल्यावर वारंवार डोकेदुखी, ओकाऱ्या, असंबद्ध बोलणं, चालताना तोल जाणं, अनावर झोप असं काही दिसलं, तर पावडर लगेच थांबवून रुग्णालय गाठा आणि तिथे अमोनिया तपासायला स्वतःहून सांगा. नेहमीच्या तपासण्यांत तो नसतो, आणि इथे उशीर जिवावर बेततो.

## डबा आधीच घरात असेल तर

क्रिएटीन असेल तर चालू ठेवा. सिट्रुलीन असेल तर एका स्कूपमध्ये नेमकं किती ते वाचा. सिट्रुलीन मॅलेट ६ ग्रॅमच्या खाली असेल तर त्याच्याकडून फार अपेक्षा नको. बीसीएए असेल तर लांब पल्ल्याच्या दिवशी तो बाजूला ठेवा आणि त्याऐवजी साखरेचं पेय घ्या. दिवसाला किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं जेवणातून मिळत असतील तर बीसीएए वेगळे घ्यायची गरजही उरत नाही. स्पर्धेत उतरत असाल तर बॅच तपासल्याचं स्वतंत्र प्रमाणपत्र नसलेली कुठलीही पावडर वापरू नका, कारण भेसळीतून शरीरात गेलेल्या बंदी असलेल्या द्रव्याची जबाबदारीही खेळाडूवरच येते. आणि डब्यावर घटकांची वेगवेगळी वजनंच दिलेली नसतील, तर तो परत करता येतो का ते बघा.